कोरं पाणी

वायकोळे काकूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली, पदरानं ओठ टिपले आणि विचारलं, "सगळं छान आहे हो. मुलगी आवडली आम्हाला. तेवढा गावाचा आकडा काय आहे?"

झालं! आईचा चेहरा उतरला. आत चहाचे कप भरणाऱ्या चेतनाचा हात थांबला, हे बाहेरच्या खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. आणि सगळ्यांनी पाहिलं चेतनाच्या ताईकडे, उत्कर्षाकडे, जणू तो आकडा तिनंच पदराआड लपवून ठेवला होता.

तसं पाहिलं तर आकडा काढायचं काम तिच्याच हातचं. किरंग्यांची ही थोरली मुलगी जिल्ह्याच्या पाणी-प्रयोगशाळेत अधिकारी झाली तेव्हा करंजवडनं पेढे वाटले होते. आता तेच गाव तिला वाटेत गाठून विचारायचं, "काय ताई, उतरला का?" जणू घरात कुणाला ताप भरलाय.

"तीनशे चाळीस," उत्कर्षा म्हणाली. खोटं बोलायची सोयच नव्हती. फोन उघडला की कुठल्याही गावाचा आकडा दिसत होता.

"हो ना, आम्हीही तोच पाहिला," काकू म्हणाल्या. बाई कडू बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, उलट आवाजात खरोखरीचं वाईट वाटणं होतं. "आमच्या निनादला चेतना पसंत आहे. तुमचं गाव शंभराच्या आत आलं की कळवा. तो थांबतो म्हणालाय."

निनाद मान खाली घालून बसला होता. जाताना त्यानं आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि चपला घातल्या.

चेतनानं तो चहा मोरीत ओतला. "आधीचे दोघं फोनवरच नाही म्हणाले," ती म्हणाली. "हे निदान पोहे तरी खाऊन गेले."

हे आकड्याचं खूळ गेल्या चार-पाच वर्षांतलं. त्याचं मूळ आहे रेक्झिनच्या सीट-कव्हरांत, बागेच्या होजपाइपांत, मुलांच्या रेनकोटांत. पीव्हीसी नावाचं प्लॅस्टिक मुळात कडक, वाकवलं की तडकणारं. ते मऊ व्हावं म्हणून त्यात थॅलेट नावाच्या कुळातली तेलकट द्रव्यं मिसळतात. ती प्लॅस्टिकला चिकटलेली नसतात, वांग्याच्या भरतात तेल मुरावं तशी नुसती मुरलेली असतात. म्हणून ऊन लागलं, पाणी लागलं की ती हळूहळू बाहेर येतात. सोनवाही नदीच्या वरच्या अंगाला एक जुनी दगडखाण आहे. वीस वर्षं आसपासच्या तालुक्यांनी आपलं मऊ प्लॅस्टिक तिथं टाकलं. कुणा एकाचा गुन्हा नव्हता, सगळ्यांचा मिळून होता. खाणीचं पाणी झिरपत झिरपत नदीला मिळायचं आणि नदी करंजवडला.

पूर्वी हे मोजायचं म्हणजे खोलीभर यंत्र, चार दिवसांचं काम आणि प्रचंड खर्च. त्यामुळे कुणी मोजत नव्हतं आणि सगळे सुखात होते. मग सूक्ष्ममापी आलं, दुधाच्या किटलीएवढं. आत काचेची पट्टी, पट्टीवर रेणूच्या मापाचे कोट्यवधी खळगे. मोदकाच्या साच्यात करंजी बसत नाही, तसं त्या खळग्यांत थॅलेटच्या कुळाशिवाय दुसरं काही बसत नाही. रेणू बसला की विजेचा बारीकसा इशारा. पाच हजार टँकर पाण्यात एक थेंब मिसळला असला, तरी ते यंत्र अर्ध्या तासात त्याचा पत्ता सांगायचं. सरकारनं नद्यांचे टप्पे पाडले, मर्यादा ठरवली, आकडे फोनवर टाकले. शंभराच्या वर असलेल्या गावांचं नळाचं पाणी पिण्यासाठी बंद. प्या कॅनचं.

शास्त्र काय म्हणत होतं? ही द्रव्यं शरीरातल्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतात. उंदरांत ते पक्कं ठाऊक आहे, माणसांत दाट संशय आहे. सगळ्यात धोका गर्भाला, तोही सुरुवातीच्या महिन्यांत. मात्र शरीरात ती साठून राहत नाहीत, दोन दिवसांत निघून जातात. रोजचं पाणी बदललं की माणूस आठवड्यात स्वच्छ होतो. आणि लोक काय म्हणत होते? "त्या गावच्या मुलींना मूलच होत नाही." उत्कर्षानं वायकोळे काकूंनाही समजावलं होतं की सासरचं पाणी प्यायला लागली की चेतनाच्या अंगात यातलं काही उरणार नाही. काकूंनी नीट ऐकून घेतलं होतं. "शास्त्र खरंच असेल गं. पण उद्या काही झालं तर मला लोक आकडाच दाखवतील ना?"

यावर कुठलं यंत्र काय बोलणार!

जानेवारीत जागृतीचं डोहाळजेवण निघालं. जागृती म्हणजे धाकट्या भावाची, हेमंतची बायको. सातवा महिना. उत्कर्षा दोन दिवसांची रजा काढून आली होती. अंगणात झोपाळा बांधला होता, जागृतीला शेवंतीच्या वेण्यांनी मढवलं होतं आणि बायकांच्या गाण्यांना ऊत आला होता. तेवढ्यात प्रयोगशाळेतून तडवी मॅडमचा फोन आला.

"उत्कर्षा, सोनवणे मोटरसायकलवरून पडलाय. पाय मोडला. करंजवडचा तिमाही नमुना आजच घ्यायला हवा, मुदत संपतेय. गाडीनं यंत्र पाठवते."

"मॅडम, माझंच गाव आहे. मी घेणं बरं दिसेल का?"

"मग काय नदी तुला ओळखून आकडा बदलणार आहे? घे तू."

आता हा नमुना घ्यायचा म्हणजे सोवळं पाळण्यासारखं. प्लॅस्टिक नको, नखांना रंग नको, हाताला क्रीम नको, अंगाला सुवास नको, कारण असल्या प्रत्येक गोष्टीत त्या कुळातलं कुणी ना कुणी बसलेलं असतं. उत्कर्षानं हे सगळं शिकाऊ मुलांना शेकडो वेळा सांगितलं होतं. तिनं हातातल्या बांगड्या काढल्या, कपाळावरचं हळदकुंकू पुसलं, साडी बदलून सुती सलवार-कमीज घातला. हळदीकुंकवाच्या वेळी जागृतीच्या आईनं सगळ्यांच्या मनगटावर अत्तर लावलं होतं, ते तिनं साबणानं तीन वेळा घासून काढलं.

पण जागृतीची आत्या होती ना, जुन्या वळणाची! मनगटावरच्या अत्तरानं तिचं कुठलं समाधान व्हायला? "मोठी नणंद तू, मान आहे तुझा," म्हणत तिनं कापसाचा फाया अत्तरात बुडवून उत्कर्षाच्या कानाच्या पाळीमागे, वरच्या खाचेत खोचला होता. आपल्याच कानातला वास आपल्याला फार तर पाच मिनिटं येतो. पुढं नाक त्याला सरावतं. उत्कर्षा त्या फायाला साफ विसरली.

नदीवर वारा होता. तिनं रबरी हातमोजे चढवले, स्टीलच्या दांड्याला काचेची बाटली अडकवून प्रवाहाच्या मध्यात बुडवली, वर काढली, झाकण लावलं. नदीचा नमुना झाला. वाऱ्यानं केस तोंडावर येत होते, ते तिनं कानामागे सारले. मग कोऱ्या पाण्याची बाटली उघडली.

कोरं पाणी म्हणजे प्रयोगशाळेत तीनदा गाळलेलं, काहीही नसलेलं पाणी. ते काचेत बंद करून नदीवर न्यायचं आणि तिथल्याच हवेत, त्याच हातांनी दुसऱ्या बाटलीत ओतायचं. म्हणजे हाताचा, हवेचा जो काही मळ नदीच्या नमुन्याला लागला असेल तो यालाही लागतो. यंत्र दोन्ही मोजतं, नदीच्या आकड्यातून कोऱ्याचा आकडा वजा करतं, आणि उरतो तो नदीचा खरा आकडा. कोऱ्यात फारच निघालं तर नमुना रद्द. ही रद्द करायची रेघ आधी कडक होती. पण थॅलेट नाही अशी जागाच जगात उरली नाही, निम्मे नमुने बाद व्हायला लागले, तेव्हा वरच्या समितीनं ती रेघ चांगली सैल करून टाकली होती.

अर्ध्या तासानं यंत्राच्या पडद्यावर आकडा आला. चौऱ्याऐंशी.

उत्कर्षानं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. चौऱ्याऐंशीच. दोन वर्षांपूर्वी खाणीच्या तोंडाशी माती टाकून बांध घातला होता, त्याचा कधीतरी परिणाम दिसेल असं तिनंच अहवालात लिहिलं होतं. दिसला तर! आकड्याच्या खाली 'तपशील' असं बटण होतं. एरवी ती ते दाबल्याशिवाय उठायची नाही. त्या दिवशी तिनं यंत्र मिटलं आणि अक्षरशः पळत घरी गेली.

"आई! उतरला!"

पुढचं काय सांगावं! झोपाळा, गाणी, ओटी सगळं बाजूला राहिलं. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. चेतना ताईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. आठवड्यात कागद आला, नळाचं पाणी सुरू झालं, सरपंचांनी टाकीला हार घातला. कॅनवाला गावात यायचा बंद झाला. वायकोळे काकूंचा फोन आला, "अभिनंदन हो! आता बैठक करून तारीख काढू या. आमचा निनाद सकाळपासून तीनदा विचारतोय." जेवणाचा दिवस ठरला.

बैठकीला चार दिवस होते तेव्हा तडवी मॅडमनी तिला बोलावलं. "करंजवडचा आकडा झटक्यात उतरला. बांधाचा हा पहिला पुरावा आहे. वर पाठवायला तपशिलाचा आलेख काढून ठेव. शाबासकी मिळेल तुला."

उत्कर्षानं आपल्या टेबलावर बसून 'तपशील' उघडला. नदीचा नमुना, तीनशे दहा. कोरं पाणी, दोनशे सव्वीस.

दोनशे सव्वीस? कोऱ्यात?

थॅलेट हे एक कुळ आहे, त्यात चुलत-मावस भावंडं पुष्कळ. यंत्र आधी सगळ्यांची बेरीज सांगतं, तपशिलात मात्र एकेकाला वेगळं उभं करतं. नदीच्या नमुन्यात होतं ते रेक्झिन-होजपाइपातलं नेहमीचं द्रव्य, सगळंच्या सगळं. कोऱ्या पाण्यात त्याचा मागमूस नव्हता. तिथं होतं दुसरंच भावंड, हलकं, चटकन उडणारं. ते प्लॅस्टिकात फारसं घालत नाहीत. ते घालतात अत्तर पातळ करायला आणि त्याचा वास टिकवायला.

तिचा हात आपोआप कानाकडे गेला. त्या रात्री उशीवर पडलेला, सुकलेला कापूस तिला आठवला. वाऱ्यावरचे केस आठवले, ते मागं सारणारा हातमोज्यातला हात आठवला, आणि त्याच बोटांनी धरलेलं कोऱ्या बाटलीचं तोंडही.

नदी स्वच्छ झालीच नव्हती. तिनं कोरं पाणी घाण केलं होतं आणि यंत्रानं इमानेइतबारे वजाबाकी केली होती. केळ्यांतून कांदे वजा करावेत तशी! आणि कोऱ्याचा आकडा त्या सैल केलेल्या रेघेच्या जेमतेम खाली राहिला, म्हणून कुठं घंटाही वाजली नाही. गाव बारा-तेरा दिवस ते पाणी पीत होतं, आणि ते तिच्या सहीवर पीत होतं.

सरळ मार्ग एकच होता. मॅडमकडे जायचं, प्रमाणपत्र रद्द करायचं, गावाला कळवायचं. त्याला दोन मिनिटं लागली असती. उत्कर्षानं आलेख मिटला, डोकं दुखतंय असं सांगितलं आणि करंजवडची बस धरली. आधी चेतनाला सांगायला हवं, असं तिनं स्वतःला पटवलं. खरं तर तिला चेतनाकडून परवानगी हवी होती.

चेतना गच्चीवर साड्यांना वारा देत होती. उत्कर्षानं सगळं सांगितलं. फाया, वजाबाकी, सगळं.

चेतनानं हातातल्या साडीची घडी घातली. "म्हणजे तुझ्या कानात कापूस राहिला म्हणून माझं लग्न मोडायचं?"

"चेतना, लोक पितायत गं ते."

"इतकी वर्षं पीतच होते! आकडा कळायच्या आधी आपण दोघी हेच पाणी पिऊन वाढलो ना? तूच म्हणतेस, दोन दिवसांत निघून जातं. मग महिनाभर आणखी प्याले तर काय आभाळ कोसळणारे?" तिचा आवाज फुटला. "ताई, मी तुझ्यासारखी नाही गं. तुला नोकरी आहे, नाव आहे, लग्न नाही केलंस तरी तुला कुणी काही म्हणत नाही. मला निनाद आवडलाय. मला ते घर हवंय. फक्त लग्न होऊ दे. दुसऱ्या दिवशी तू गावभर दवंडी पिट, मी काही म्हणणार नाही. तुझ्या पाया पडते."

आणि ती खरंच वाकली. उत्कर्षानं तिला वरच्यावर धरलं. वडील गेले तेव्हा चेतना चौथीत होती. तिच्या वेण्या घालणं, तिची फी भरणं, तिचे हट्ट पुरवणं हे सगळं उत्कर्षानं केलं होतं. नाही म्हणायची सवय तिला लागलीच नव्हती.

"बरं," ती म्हणाली.

पण मन कुठं स्वस्थ बसतं! खाली येऊन तिनं जागृतीला बाजूला घेतलं. "तू मात्र नळाचं पिऊ नकोस. मी शहरातून कॅन पाठवते. बाळ होईपर्यंत तेच पी."

"का हो ताई? पाणी तर चांगलं झालंय ना?"

"झालंय. पण सातवा महिना आहे, उगीच बदल नको."

जागृतीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मुलगी समजूतदार होती, पुढं काही विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि कॅन स्वयंपाकघराच्या दारामागं ठेवायची जागा करू लागली.

शेजारच्या पुष्पाकाकूंची सून अंगणातल्या नळावर हंडा भरत होती. तिला तिसरा महिना होता. धोक्याचे महिने तेच. उत्कर्षानं खिडकीतून तिला पाहिलं आणि खिडकीतून बाजूला झाली. तिलाही सांगितलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं, कारण सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. एक मात्र खरं, शिकलेल्या माणसाला गप्प बसायला कारणं कधी कमी पडत नाहीत.

बैठकीच्या दिवशी घर फुलून आलं होतं. वांगी भाजल्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. वायकोळे काकूंनी दोनदा भरीत मागून घेतलं. निनाद आज मान वर करून बसला होता आणि चेतना वाढायला आली की उगीचच "नको, पुरे" म्हणत वाढून घेत होता. आई तर हवेतच होती. मार्चमधली एक तारीख जवळजवळ नक्की झाली.

"पाणी घ्या की," हेमंतनं माठातलं पाणी पेल्यांत ओतून पुढं केलं. "आमच्या नळाचं हे. बिनधास्त प्या आता."

काकूंनी पेला उचलला आणि त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. जागृती तिथं भिंतीला टेकून बसली होती. दारामागच्या कॅनची तोटी फिरवून ती आपला पेला भरत होती.

"अगोबाई," काकू म्हणाल्या, "सूनबाई कॅनचं पितात वाटतं?"

काकूंनी आपला पेला न पिता खाली ठेवला. आवाज गोडच होता, पण बाई कच्च्या नव्हत्या. "नाही म्हणजे, कागद आलाय, घरात अधिकारी मुलगी आहे. मग पोटुशीसाठी वेगळं पाणी कशाला?"

"छे छे! सवय लागलीय तिला," हेमंत हसत उठला. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं माठातून पेला भरला आणि बायकोपुढं धरला. "हे घे जागृती. पिऊन दाखव त्यांना."

जागृतीनं पेला घेतला आणि एकदाच उत्कर्षाकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता आणि उत्तरही कळलेलं होतं. सगळं घर आपल्या हातातल्या पेल्यावर टांगलंय, हे तिला समजलं होतं.

उत्कर्षाच्या डोक्यात झरझर हिशेब सुरू झाला. एक पेला. सातवा महिना, नाजूक काळ मागं पडलेला. दोन दिवसांत सगळं बाहेर. एका पेल्यानं काही होत नाही, हे शास्त्रानं सिद्ध करता येईल. आणि हिशेब अगदी बरोबर होता, त्यात एक चूक काढता आली नसती. ती हाताची घडी घालून उभी राहिली. तिनं तोंड उघडलं नाही.

जागृतीनं पेला ओठांना लावला.

"वहिनी, नको!"

चेतनाच्या हातातलं पुऱ्यांचं ताट खाली आदळलं. तिनं दोन ढांगांत खोली ओलांडली आणि जागृतीच्या हातातला पेला हिसकावून घेतला. पाणी जागृतीच्या पदरावर, जमिनीवर, सगळीकडे सांडलं. पेला तसाच हातात धरून चेतना उभी राहिली.

"अगं काय वेड लागलं का तुला?" आई ओरडली.

"ते पाणी खराब आहे," चेतना म्हणाली. निनादकडे न बघता, कुणाकडेच न बघता. "आकडा चुकलाय. मला माहीत होतं, चार दिवसांपासून माहीत होतं. ताई, सांग त्यांना किती आहे."

सगळी खोली उत्कर्षाकडे वळली. आता हिशेबाचा काही उपयोग नव्हता.

"तीनशे दहा," ती म्हणाली. "नमुना घेताना चूक झाली. माझ्या हातून." तिनं हातांची घडी सोडली. "ती कळल्यावर मी ती लपवली. चेतनाचा यात दोष नाही."

काकूंनी हात धुतले. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "पोरीनं खरं सांगितलं, बरं केलं," असं म्हणाल्या आणि उठल्या. निनाद बसूनच राहिला. "आई, थांब ना जरा," तो म्हणाला. त्या दाराशी जाऊन त्याची वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी तो उठला. चेतनाजवळून जाताना थबकला, मग आईमागं बाहेर पडला.

गाडीचा आवाज लांब गेला तेव्हा उत्कर्षानं फोन काढला. आधी तडवी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "रद्द कर. आत्ताच्या आत्ता. तुझं पुढचं उद्या बघू." तिनं फोनवरच रद्द करण्याची सही केली. क्षणात घरातले सगळे फोन एकदम वाजले. शेजारचे वाजले, गल्लीतले वाजले. करंजवड, तीनशे दहा, पिण्यास अयोग्य. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. हेमंत बायकोचा ओला पदर पिळत होता आणि बहिणीकडे बघायचं टाळत होता. बाहेर नळावर गलका उठला. पुष्पाकाकूंची सून रडवेल्या आवाजात कुणाला तरी विचारत होती, "म्हणजे इतके दिवस मी काय पीत होते?"

उत्कर्षा पुऱ्या गोळा करायला खाली वाकली. समोर चेतना बसली, तीही गोळा करू लागली. तिचे डोळे कोरडे होते.

"चेतना," उत्कर्षा म्हणाली, "मला माफ कर गं. तुझं लग्न माझ्यामुळे..."

"लग्नाचं नको बोलूस." चेतनानं हातातली पुरी ताटात ठेवली. "मी गच्चीवर रडले, पाया पडले. मला हवं होतं म्हणून मी मागितलं. मी मागणारच होते, ताई. पण तू का ऐकलंस माझं?"